सर नॉर्मन लॉकयर : उजेडाची अक्षरे वाचणारा कारकून

पोफळीचे नाव महाराष्ट्रात घेतले जाते ते उजेडासाठी. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून येथे उतरते, डोंगराच्या आत बांधलेल्या वीजगृहातील चक्रे फिरविते आणि तेथे तयार झालेली वीज तारांवाटे दूरदूरच्या शहरांना व कारखान्यांना जाते. १९६२ साली येथील पहिला संच सुरू झाला. पुढील टप्पे धरून कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट झाली. ज्या गावातून एवढा उजेड बाहेर पडतो, त्या गावच्या मुलांना हा उजेड आतून कसा असतो हे ठाऊक असावे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

घरातील रॉकेलच्या चिमणीची ज्योत पिवळी असते आणि रस्त्यावरील सोडियमच्या दिव्याचा उजेडही पिवळाच असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. परंतु हेच दोन उजेड काचेच्या लोलकातून पाहिले, तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर दिसते. चिमणीच्या उजेडातून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा सलग पट्टा पसरतो. सोडियमच्या उजेडात मात्र जवळजवळ सारा भार पिवळ्या रंगाच्या एका जागेवर असतो. हा फरक वाचण्याच्या विद्येवर ज्यांनी आपले आयुष्य वेचले आणि ज्यांचे पाय आपल्या कोकणच्या मातीलाही लागले, त्या सर नॉर्मन लॉकयर यांच्या चरित्राचा येथे थोडक्यात परिचय करून देत आहोत.

बालपण आणि नोकरी

जोसेफ नॉर्मन लॉकयर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांना विज्ञानाची आवड होती आणि त्या काळी नवी असलेली विजेची तारयंत्रे हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. आईचे छत्र लहानपणीच हरपले. नॉर्मन यांचे शिक्षण खाजगी शाळांतून झाले. पुढे भाषा शिकण्यासाठी ते काही काळ फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये राहिले. विद्यापीठाची पायरी मात्र ते कधी चढले नाहीत आणि पदवीही त्यांच्यापाशी नव्हती.

१८५७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते लंडनच्या युद्धखात्यात कारकून म्हणून लागले. काम कागदपत्रांचे व नियमावल्यांचे होते. पुढच्याच वर्षी विनिफ्रेड जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई सुशिक्षित होत्या. फ्रेंच भाषेतील विज्ञानग्रंथांची त्यांनी इंग्रजीत भाषांतरे केली. संसार वाढत गेला, पगार बेताचाच राहिला आणि वेळ तर त्याहूनही अपुरा. अशा स्थितीत विम्बल्डन येथील घराच्या बागेत लॉकयर यांनी दुर्बीण उभी केली. दिवसा कचेरी आणि रात्री आकाश असा त्यांचा क्रम सुरू झाला. १८६२ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता त्यांनी त्याच्या पृष्ठभागाची काळजीपूर्वक चित्रे काढली. ती जाणकारांच्या पसंतीस उतरली आणि हा कारकून नुसता हौशी नाही हे लोकांच्या ध्यानात आले.

वर्णपट म्हणजे काय?

लॉकयर यांची खरी कामगिरी समजण्यासाठी वर्णपटाचे तीन नियम माहीत हवेत. जर्मनीत योसेफ फ्राउनहोफर या भिंगकाराने १८१४ साली सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा पाहिल्या व त्यांपैकी ठळक रेषांना अक्षरे दिली. पिवळ्या भागातील जोडरेषेला त्याने ‘डी’ हे अक्षर दिले. त्या रेषांचा अर्थ मात्र सुमारे पंचेचाळीस वर्षे कोणालाच उलगडला नाही. १८५९ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे गुस्ताव किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी तो उलगडला. तापून प्रकाशणारा घन पदार्थ सलग वर्णपट देतो. तापलेला विरळ वायू सुट्या तेजस्वी रेषा देतो. आणि सलग प्रकाशाच्या वाटेत तुलनेने थंड वायू आला, तर तो आपल्याच रेषा त्यातून शोषून घेतो व त्या जागी काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. एकाच्या जागा दुसऱ्याच्या जागांशी तंतोतंत जुळत नाहीत.

हे नियम समजावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या घरातील व रस्त्यावरील दिवेच पाहा. चिमणीच्या वा मेणबत्तीच्या ज्योतीत काजळीचे अतिसूक्ष्म कण तापून प्रकाशतात. ते कण घन असल्यामुळे वर्णपट सलग मिळतो. जुन्या विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तिचाही वर्णपट सलगच असतो. फक्त त्यात तांबडा भाग जोरकस व निळा भाग मंद असतो. ट्यूबलाइटची गोष्ट निराळी आहे. तिच्या नळीत पाऱ्याची विरळ वाफ असते. त्या वाफेचा पुष्कळसा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा अतिनील असतो. नळीच्या आतील पांढरा लेप तो शोषून दिसणारा उजेड देतो. परंतु पाऱ्याच्या स्वतःच्या रेषा त्यातून डोकावतातच. जांभळ्या-निळ्या भागात ४३५.८ नॅनोमीटरची आणि हिरव्या भागात ५४६.१ नॅनोमीटरची रेषा स्पष्ट दिसते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. प्रकाशाच्या लाटांची लांबी या मापात मोजतात.

पांढऱ्या एलईडी दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा एक उंचवटा असतो. त्या निळ्यातील काही भाग दिव्यावरील पिवळसर लेप शोषतो आणि हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा रुंद पट्टा परत देतो. निळा व पिवळा एकत्र येऊन डोळ्यांना पांढरा उजेड भासतो. बाजारातील लाल निऑनच्या पाट्यांत तांबड्या-नारिंगी रेषांची गर्दी असते. सोडियमची खूण तर स्वयंपाकघरातही सापडते. मीठ घातलेले भाताचे पाणी उतू जाऊन गॅसवर पडले, की निळी ज्योत क्षणात पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा आणि त्याची जोडरेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर असते. म्हणजे वीज एकच असली तरी दिवा बदलला की वर्णपट बदलतो आणि वर्णपट पाहून दिव्याच्या पोटात काय आहे ते सांगता येते. जे दिव्याला लागू, तेच सूर्याला लागू. लॉकयर यांनी आपले आयुष्य या एका वाक्यावर उभे केले.

ग्रहणावाचून ग्रहणाचे दृश्य

खग्रास सूर्यग्रहणात चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्या काळी त्यांचे स्वरूप कोणालाच नीट ठाऊक नव्हते, कारण त्या पाहावयास मिळत त्या ग्रहणाच्या दोन-चार मिनिटांत. एरव्ही आकाशाच्या झगमगाटात त्या बुडून जात. १८६६ साली लॉकयर यांनी आपल्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला व सूर्यावरील डागांचा अभ्यास सुरू केला. त्याच वेळी त्यांच्या मनात एक विचार आला. सौरज्वाला जर तापलेल्या वायूच्या असतील, तर त्यांचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असणार. आकाशाचा झगमगाट मात्र सलग वर्णपटाचा आहे. मूठभर पीठ मोठ्या ताटात पसरले तर पिठाचा थर पातळ होतो, परंतु त्यातला खडा तेवढाच राहतो आणि आता तो डोळ्यांना दिसतो. त्याचप्रमाणे जोरदार वर्णपटदर्शकाने प्रकाश खूप पसरविला, तर झगमगाट फिका पडेल आणि ज्वालांच्या रेषा उठून दिसतील. म्हणजे ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

विचार बरोबर होता, पण हाताशी असलेले उपकरण अपुरे होते. सरकारी अनुदान मिळवून त्यांनी मोठे उपकरण बनवावयास दिले. कारागिरांच्या अडचणींमुळे त्याला वर्षाहून अधिक विलंब झाला. त्या अवधीत १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आले व गेले.

त्या ग्रहणाची सावली दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे गेली होती. जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूर येथे फ्रान्सचे पिएर जान्सेन व इंग्रज अधिकारी मेजर टेनंट आणि मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन असे अनेकजण वर्णपटदर्शक घेऊन सज्ज होते. ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाला वायूच्या आहेत हे सिद्ध झाले. त्यांत एक रेषा पिवळ्या भागात होती आणि बहुतेकांनी ती सोडियमची ‘डी’ रेषा समजून टिपून ठेवली. जान्सेन यांना मात्र त्या रेषांचे तेज पाहून असे वाटले, की या ग्रहण नसतानाही दिसाव्यात. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी त्या भर उन्हात पाहिल्या.

इकडे लंडनमध्ये लॉकयर यांचे उपकरण ऑक्टोबरच्या मध्यास हाती आले. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ते सूर्याच्या कडेवर रोखले आणि ज्या रेषांची दोन वर्षे वाट पाहिली होती त्या त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. योगायोग असा, की भारतातून निघालेले जान्सेन यांचे पत्र आणि लंडनहून गेलेली लॉकयर यांची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबर रोजी, आली. शोध कोणाचा, असा वाद अकादमीने वाढू दिला नाही. श्रेय दोघांनाही मिळाले. पुढे १८७२ साली फ्रेंच सरकारने एक पदक काढले व त्यावर दोघांच्याही मुद्रा कोरल्या. या दोघांची मैत्रीही अखेरपर्यंत टिकली.

दीड नॅनोमीटरचे अंतर

त्यानंतर लॉकयर त्या पिवळ्या रेषेच्या मागे लागले. ती सोडियमची असती, तर सोडियमच्या जागेवर पडावयास हवी होती. मोजमापात ती ५८७.६ नॅनोमीटरच्या जागी निघाली. सोडियमच्या जवळच्या रेषेपासून अंतर अवघे दीड नॅनोमीटर. चित्रात पाहिले तर केसाएवढे. दुसरा एखादा म्हणाला असता, की एवढा फरक चालावयाचाच. लॉकयर यांनी तो चालवून घेतला नाही. सोडियमच्या दोन रेषांना डी-१ व डी-२ म्हणत. या नव्या रेषेला डी-३ हे नाव मिळाले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेत निरनिराळ्या वायूंचा प्रकाश तपासला. हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाखाली व तापमानात प्रकाशवून पाहिला. परंतु कोणत्याही ज्ञात द्रव्याची रेषा त्या जागी येईना. मग एकच निष्कर्ष उरला. सूर्यावर असे एक मूलद्रव्य आहे, की जे पृथ्वीवर अजून कोणाला सापडलेले नाही. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ म्हणण्यात येऊ लागले.

रसायनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. बाटलीत दाखविता येत नाही असे द्रव्य मानावयाचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. खुद्द फ्रँकलंड यांनाही ठाम बोलण्याचा संकोच वाटे. पुष्कळांनी ही कल्पना चेष्टेवारी नेली. अशी सत्तावीस वर्षे गेली. १८९५ च्या मार्च महिन्यात लंडन येथे विल्यम रॅम्झी यांनी युरेनियम असलेल्या क्लेव्हाइट नावाच्या खनिजावर आम्लाची क्रिया करून निघालेला वायू नळीत भरला व त्यात वीज सोडली. वर्णपटात एक झगझगीत पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमच्या रेषेशी जुळेना. विल्यम क्रुक्स यांनी मोजमाप केले. ती डी-३ होती. लॉकयर यांनीही खनिजातून हा वायू काढला. तरुण कारकुनाने सूर्याच्या कडेवर पाहिलेली रेषा साठीला आलेल्या प्राध्यापकाने आपल्या टेबलावरील काचेच्या नळीत पाहिली. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे चुंबक द्रवरूप हेलियमने थंड ठेवले जाते, तो हाच वायू.

विजयदुर्गचा मुक्काम

लॉकयर भारतात दोनदा आले. पहिल्यांदा १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणासाठी. तेव्हा त्यांनी केरळच्या किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यात तळ दिला होता. दुसऱ्यांदा २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि या वेळी त्यांनी निवडलेली जागा होती विजयदुर्ग. आज विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा १९८१ साली झाला. लॉकयर आले तेव्हा तो भाग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

त्यांचे चिरंजीव आणि शिष्य आल्फ्रेड फाउलर त्यांच्यासोबत होते. कलकत्त्याहून प्राध्यापक पेडलर आले होते. मेल्पोमिनी या आरमारी जहाजाच्या अधिकाऱ्यांना व खलाशांना लॉकयर यांनी हाताशी धरले. कोणी सेकंद मोजावयाचे, कोणी सूर्याभोवतालच्या प्रभेचे चित्र काढावयाचे, कोणी दिसणारे तारे टिपावयाचे, कोणी छायाचित्राच्या काचा बदलावयाच्या, अशी कामे वाटून दिली. ग्रहण लागण्यापूर्वी कवायतीसारख्या तालमी झाल्या. खग्रास स्थिती अवघी दोन मिनिटांची. तेवढ्यात चूक झाली तर ती सुधारण्यासाठी पुढच्या ग्रहणापर्यंत थांबावे लागते. आभाळ निरभ्र राहिले आणि काम फत्ते झाले.

त्यांच्या मुख्य उपकरणात भिंगापुढे लोलक बसविलेला होता आणि नेहमीची फट नव्हती. खग्रास होण्याच्या क्षणी सूर्याची कड बारीक कोरीएवढी उरते. ती कोरच फटीचे काम करते. त्यामुळे छायाचित्रात सरळ रेषांऐवजी तेजस्वी कमानी उमटतात. प्रत्येक द्रव्याच्या आपापल्या जागी. या कमानींची तुलना त्यांनी लंडनला परतून प्रयोगशाळेतील वर्णपटांशी केली. लोखंड, कॅल्शियम, टायटॅनियम अशी द्रव्ये विजेच्या कमानदिव्यात आणि विजेच्या ठिणगीत प्रकाशवून त्यांचे वर्णपट त्यांनी एकाखाली एक ठेवले होते. आकाशातील उजेड वाचावयाचा तर जमिनीवरील दिव्याशी ताडून पाहिलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता.

त्याच ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही घेतले. वर्णपटशास्त्रात काम करणारे ते पहिल्या फळीतील भारतीय. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक उतरले होते. म्हणजे त्या दिवशी कोकणापासून विदर्भापर्यंत आपल्या महाराष्ट्रात जगातील नामांकित निरीक्षक जमले होते.

एका समजुतीविषयी

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे अगत्याचे आहे. हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकयर यांनी लावला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. किल्ल्यावरील ओटे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखविले जातात आणि वक्तृत्व स्पर्धेतील भाषणांतूनही ही गोष्ट येते. वस्तुस्थिती अशी नाही. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते व त्यांचे उपकरणही तयार झालेले नव्हते. त्यांनी ती रेषा पाहिली ती ऑक्टोबरात, लंडनमध्ये, ग्रहण नसताना. ग्रहणाशिवाय पाहता येणे हाच तर त्यांच्या कामगिरीचा गाभा! विजयदुर्गास ते आले त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून चुकला होता. १८६८ च्या ग्रहणाची सावलीही याच अक्षांशाच्या पट्ट्यातून गेली होती. त्यामुळे दोन ग्रहणांची गल्लत झाली असावी.

काहींना हे वाचून वाईट वाटेल. आपल्या मुलुखाचा मान कमी झाला असे वाटेल. परंतु विचार करून पाहा. ज्या माणसाने दीड नॅनोमीटरची गल्लत चालवून घेतली नाही, त्याच्या नावावर आपण तीस वर्षांची गल्लत कशी खपवावी? कोकणच्या वाट्याला जे खरोखर आले आहे, तेही थोडे नाही. सूर्याच्या कडेवरील द्रव्यांच्या कमानी विजयदुर्गच्या आभाळाखाली छायाचित्रात उतरल्या. तो अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. खरा मान एवढा असताना उसन्या मानाची गरज नाही. परीक्षेच्या पेपरात किंवा भाषणात हा विषय आला, तर विद्यार्थ्यांनी खरी साले सांगावीत.

चुका आणि त्यांचे पुढे काय झाले

लॉकयर यांचा स्वभाव धडाडीचा होता. मोठ्या कल्पना मांडावयास ते कचरत नसत आणि एकदा मांडलेली कल्पना सहसा सोडत नसत. त्यामुळे त्यांचे वादही पुष्कळ झाले. तारे व तेजोमेघ हे उल्कांच्या थव्यांपासून बनतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तेजोमेघांच्या वर्णपटातील एक हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे, असे ते त्याच्या आधारासाठी सांगत. पुण्याचे नायगमवाला यांनी त्या रेषेचे निरीक्षण करून ती मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी पसरट नसून रेखीव आहे, असा निष्कर्ष दिला. तो लॉकयर यांच्या मताविरुद्ध जाणारा होता. उल्कांचा सिद्धांत पुढे टिकला नाही. १९२७ साली अमेरिकेचे आयरा बोवेन यांनी ती रेषा विरळ वायूतील ऑक्सिजनची असल्याचे दाखविले. त्या काळी, पारतंत्र्यात असलेल्या देशातील एका प्राध्यापकाने जगप्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञाविरुद्ध जाणारे निरीक्षण प्रसिद्ध करावे आणि शेवटी ते खरे ठरावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वर्णपटाच्या दरबारात साहेब व रयत हा भेद चालत नाही.

दुसरी एक कल्पना मात्र अर्धी खरी निघाली. कमानदिव्यात मंद असलेल्या काही रेषा अधिक तापलेल्या ठिणगीत जोरकस होतात, हे त्यांनी पाहिले होते. यावरून अतिउष्णतेत मूलद्रव्ये फुटून अधिक साधी रूपे घेतात, असे त्यांनी मांडले. अणू फुटत नाही असे मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी ते झिडकारले. १६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकयर निवर्तले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांचा सौर वातावरणाविषयीचा प्रसिद्ध निबंध छापून आला. उष्णतेने अणूतील इलेक्ट्रॉन निघून जातो व उरलेला भाग निराळ्या रेषा देतो, हे साहांनी गणिताने दाखविले. म्हणजे मूलद्रव्य बदलत नव्हते, पण अणूतून काहीतरी सुटत होते खास. आपला सिद्धांत अधिक विस्ताराने मांडण्याचे काम साहांनी लंडनमध्ये ज्या प्रयोगशाळेत केले, ती होती आल्फ्रेड फाउलर यांची. विजयदुर्गला लॉकयर यांच्यासोबत आलेले तेच हे फाउलर.

‘नेचर’ आणि अखेरची वर्षे

४ नोव्हेंबर १८६९ रोजी लॉकयर यांनी ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक सुरू केले. तेव्हाही त्यांची नोकरी युद्धखात्यातच होती. सुरुवातीची अनेक वर्षे साप्ताहिक तोट्यात चालले, पण मॅकमिलन या प्रकाशकांनी ते सोडले नाही व लॉकयर यांनीही संपादकाची खुर्ची सोडली नाही. थेट १९१९ पर्यंत, पन्नास वर्षे! १९२८ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या शोधाची वार्ता जगाला कळविली ती याच ‘नेचर’मधून. आज जगातील अग्रगण्य विज्ञान नियतकालिकांत त्याची गणना होते.

१८६९ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८७५ च्या सुमारास कारकुनीतून सुटून ते साउथ केन्सिंग्टन येथे विज्ञान खात्यात आले व पुढे तेथेच खगोल-भौतिकीचे प्राध्यापक झाले. १८९७ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पत्नी विनिफ्रेड यांचे १८७९ सालीच निधन झाले होते. उतारवयात, १९०३ साली, त्यांनी दुसरा विवाह केला. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना, राष्ट्राचे बळ केवळ आरमारात नसून विद्यापीठांत व प्रयोगशाळांत असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. लंडनची सौर वेधशाळा केंब्रिजला हलविण्यात आली तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. तरीही स्वस्थ न बसता डेव्हन परगण्यात सिडमथजवळ टेकडीवर त्यांनी नवी वेधशाळा उभी केली. ती आजही त्यांच्या नावाने चालते. तेथेच वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे असे

लॉकयर यांचे उपकरण हजारो रुपयांचे होते. तुमचे काम एका जुन्या सीडीवर भागेल. सीडीवरील सूक्ष्म वळ्यांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाएवढे असते. त्यामुळे ती प्रकाशाचे रंग वेगळे करते. पुठ्ठ्याचा लांबट खोका घ्यावा. एका टोकाला बारीक उभी फट ठेवावी. ती दोन ब्लेडच्या कडा जवळ आणून मोठ्या माणसाने करून द्यावी. दुसऱ्या टोकाला सीडी तिरपी बसवावी आणि वरून डोळा लावण्यास भोक पाडावे. रात्री फट दिव्याकडे धरावी. एक सूचना कटाक्षाने पाळावी : हा खोका सूर्याकडे कधीही रोखू नये. सूर्यप्रकाश पाहावयाचा तर उन्हात उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे धरावा.

मेणबत्ती, जुना बल्ब, ट्यूबलाइट, सीएफएल, एलईडी आणि कोठे उरला असल्यास रस्त्यावरील सोडियमचा दिवा, असे सहा उजेड पाहून प्रत्येकाचा पट्टा रंगीत पेन्सिलीने वहीत काढावा. एकाखाली एक काढावा, म्हणजे तुलना होईल. सीएफएलमध्ये रंग सुटे सुटे दिसतील. सोडियमच्या रस्त्यावरील दिव्यात दाब जास्त असल्याने पिवळी रेषा रुंद पसरलेली आणि तिच्या मधोमध काळी चीर दिसेल. ती चीर का पडते, याचे उत्तर वर सांगितलेल्या तिसऱ्या नियमात आहे. ते शोधून काढावे.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी रात्री खोका घेऊन दिव्यापाशी उभी राहिली, तर अभ्यास सोडून काय खेळ मांडला आहे, असे म्हणून तिला हाक मारू नका. विम्बल्डनच्या बागेत कचेरीतून दमून आलेला एक कारकून असेच काहीतरी करीत उभा राहत असे. त्याच्यापाशी पदवी नव्हती, मोठे घराणे नव्हते. होती ती जे दिसते ते नीट मोजण्याची सवय आणि मोजलेले खरे मानण्याची हिंमत. वीजगृहाच्या गावातील मुलांच्या हाताशी दिव्यांना तर काही तोटा नाही.